लाँग बारमधील सिंगापूर स्लिंग

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षी तू बारचे काम हा विषय निवडलास, म्हणून सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलातील लाँग बारविषयी आणि तेथल्या सिंगापूर स्लिंग या मिश्र मद्यपेयाविषयी तुला सविस्तर लिहीत आहे.

सार्कीज या आर्मेनियन बंधूंनी १८८७ साली हे हॉटेल बीच रोडवर सुरू केले. त्या काळी समुद्र अगदी समोर होता. पुढे भराव घालत गेल्याने तो दूर हटला आणि रस्त्याचे नाव तेवढे उरले. आजचा लाँग बारही मूळ जागी नाही. हॉटेलच्या आर्केडमध्ये, म्हणजे दुकानांच्या भागात, वरच्या मजल्यावर तो १९२० च्या दशकातील मलायातल्या (आजच्या मलेशियातल्या) मळेवाल्यांच्या थाटात नव्याने उभारलेला आहे. छताला ताडपंख्यांची रांग एका लयीत झुलते. टेबलावर भुईमुगाच्या शेंगा असतात आणि टरफले खुशाल जमिनीवर टाकायची असतात. ज्या शहरात रस्त्यावर कागदाचा कपटा टाकला तरी दंड होतो, तेथे ही मुभा! टिळकांच्या टरफलांची गोष्ट ऐकत वाढलेल्या तुझ्या आईने मात्र आपली टरफले रुमालात गोळा केली.

सिंगापूर स्लिंग हे पेय १९१५ साली न्याम टाँग बून या बारमनने घडवले, असे हॉटेल सांगते. न्याम मूळचे चीनच्या हैनान बेटावरचे. सिंगापुरात उशिरा पोहोचलेल्या हैनानी लोकांना व्यापारात फारसा शिरकाव मिळाला नाही, त्यामुळे त्यांच्यातील अनेक जण गोऱ्यांच्या घरी आणि हॉटेलांत आचारी व वाढपी झाले. स्त्रियांनी चारचौघांत मद्य घेणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते, म्हणून न्याम यांनी फळांच्या रसासारखे दिसणारे गुलाबी पेय तयार केले, अशी कथा आहे. ती जाहिरातीला फारच सोयीची असल्याने मी जरा हात राखूनच ऐकतो. शिवाय जिनचे स्लिंग, म्हणजे जिनमध्ये साखर-पाणी घालून केलेले पेय, त्याआधीही प्यायले जात असे. परंतु आईने बिनमद्याचे स्लिंग मागवले आणि दोन्ही पेले शेजारी आले, तेव्हा कोणता कोणाचा हे मला घोट घेईपर्यंत कळले नाही. कथा खरी असो वा नसो, युक्ती मात्र चालते.

त्याच्या प्रचलित कृतीत जिन, चेरी लिक्युअर (चेरीचे गोड मद्य), क्वांत्रो (संत्र्याच्या सालीचे लिक्युअर), बेनेडिक्टीन (वनौषधींचे लिक्युअर), अननसाचा व लिंबाचा रस, ग्रेनेडीन (डाळिंबाचा गोड पाक) आणि अँगोस्टुरा बिटर्स या कडू अर्काचे थेंब असतात. वर जमणारा दाट फेस अननसाच्या रसाचा. जोरात घुसळल्याखेरीज तो धरत नाही. गर्दीत एकेक शेकर हलवणे शक्य नसल्याने तेथे हाताने फिरवायच्या यंत्रात अनेक पेले एकदम घुसळतात, आणि ते पाहण्यासारखे असले तरी चवीला त्यामुळे घाऊकपणा येतो, असे माझे मत झाले. माझा पेला गोडाकडे झुकलेला होता. लिंबाचा आंबटपणा जेमतेम जाणवत होता आणि बेनेडिक्टीनचा वनौषधींचा वास शेवटच्या घोटात काय तो आला.

तू गेलीस तर दुपारी जा, संध्याकाळी बाहेर रांग लागते. टेबल न घेता काउंटरची जागा माग आणि लिंबू थोडे वाढवता येईल का, ते विचार. किमतीवर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के कर चढतो, हे ध्यानात ठेवूनच ऑर्डर दे.

तुझे,
बाबा