कागद फिरावा, माणूस नव्हे

सरकारी सेवा मोबाइलवर आणण्याचे स्वागत करणारा आपला अग्रलेख वाचला. स्वागत योग्यच आहे, पण खरी सुधारणा कार्यालयांच्या आत व्हायला हवी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आज १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. नोंद महसूल खात्याची, उताराही त्यांचाच. तरीही अनेक योजनांच्या अर्जाला तो जोडून आणायला शेतकऱ्यालाच सांगितले जाते. जी माहिती सरकारच्या संगणकात आहे, ती एका खात्याने दुसऱ्या खात्याकडून का घेऊ नये? हिंगोली जिल्ह्यातल्या वाडी-तांड्यावरच्या माणसाला तालुक्याची एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी. त्यात सर्व्हर बंद असला की दुसरी खेप ठरलेली. मी स्वतः गेल्या जूनमध्ये मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार खेपा घातल्या.

राज्यात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात ५०० ते ५००० रुपये दंड आहे. याच धर्तीवर, सरकारकडे असलेला कागद नागरिकाकडे पुन्हा मागण्यासच मनाई करावी. नव्या ॲपच्या आधी हे व्हावे, ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी वाचक, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली