डाउंटलेसच्या झडपांवरील छिद्रे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिका-जपान यांच्यातील मिडवेच्या लढाईवरचा लेख आस्थेने वाचला. ४ जून १९४२ च्या सकाळी अवघ्या काही मिनिटांत अकागी, कागा आणि सोर्यू या तीन जपानी विमानवाहू नौका पेटल्या, याचे जवळजवळ सारे श्रेय लेखकाने नशिबाला दिले आहे. नशिबाचा भाग होता हे मान्यच आहे, कारण इंधन संपत आलेले असताना अमेरिकी वैमानिकांच्या तुकडीचे प्रमुख वेड मॅक्लस्की यांना आराशी ही एकटीच वेगाने निघालेली जपानी विनाशिका दिसली आणि तिच्या रोखाने गेल्यावर जपानी ताफा सापडला. परंतु ताफा सापडणे वेगळे आणि वळणे घेत पळणाऱ्या नौकेवर नेमका बॉम्ब टाकणे वेगळे. हे दुसरे काम ज्या विमानाने केले, त्या डग्लस डाउंटलेस या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाच्या रचनेविषयी लेखात एक ओळही नसावी, याचे वाईट वाटले.

उंचावरून सरळ उडत टाकलेला बॉम्ब खाली पोहोचेपर्यंत नौका जागा सोडते. त्या लढाईत उंचावरून बॉम्ब टाकणाऱ्या अमेरिकी बी-१७ विमानांचा एकही बॉम्ब जपानी विमानवाहू नौकांना लागला नाही. डाउंटलेसचा वैमानिक मात्र सुमारे ७० अंशांच्या कोनात नौकेवरच सूर मारी आणि दीड-दोन हजार फुटांवर बॉम्ब सोडी. अशा सुरात वेग आवरला नाही, तर नेम धरायला उसंत मिळत नाही आणि विमान वर उचलताना पंखांवर भयंकर ताण येतो. म्हणून पंखांच्या मागच्या कडेला वर आणि खाली उघडणाऱ्या ब्रेकच्या झडपा बसवलेल्या होत्या. आधीच्या नॉर्थ्रॉप बीटी-१ विमानात या झडपांमागे घुसळणाऱ्या हवेने शेपूट हादरत असे. झडपांना ओळीने गोल छिद्रे पाडल्यावर ते हादरे आटोक्यात आले, आणि विमानरचनाकार एड हाइनमन यांनी तीच रचना डाउंटलेसमध्ये पुढे नेली. वागळे इस्टेटमध्ये पत्र्याच्या कामात माझी तीस वर्षे गेली. आम्ही पत्र्याला भोके पाडत असू ती बहुधा वजन घटवण्यासाठी, त्यामुळे या छिद्रांचा अर्थ मीही बरीच वर्षे तसाच लावत होतो.

विमानाच्या पोटाखालचा बॉम्ब सूर मारताना नुसता सोडला, तर तो स्वतःच्याच प्रॉपेलरवर आदळण्याचा धोका असतो. एक दुबेळकी पाळणा झोका घेऊन त्या बॉम्बला प्रॉपेलरच्या घेऱ्याबाहेर भिरकावत असे. अकागीला थेट लागलेला बॉम्ब एकच होता, पण तेवढ्याने ती नौका निकामी झाली.

जाता जाता एक दुरुस्ती सुचवतो. लेखासोबतच्या छायाचित्रातील विमानाचे पंख दुमडलेले आहेत. डाउंटलेसचे पंख दुमडत नसत. मजबुतीसाठी डेकवरची जागा अडण्याची गैरसोय पत्करलेली होती. कृपया योग्य छायाचित्र प्रसिद्ध करावे, आणि शक्य झाल्यास उघडलेल्या झडपा दिसतील असे निवडावे.

आपला नम्र,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)