रेपो उतरला, हप्ता तोच कसा?

मा. संपादक,

रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) उतरवला की दुसऱ्या दिवशी ‘गृहकर्ज स्वस्त’ हा मथळा ठरलेलाच. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो चार टप्प्यांत ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला, म्हणजे सव्वा टक्का घट. तरीही बँक खात्यातून तोच हप्ता कापला जातो आणि कर्जदाराला वाटते, बँकेने फसवले. बहुतेक वेळा प्रकार वेगळा असतो. दर उतरलेला असतो, पण बँक हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करते.

हे दिसते त्यापेक्षा कर्जदाराच्या फायद्याचे आहे. ५० लाखांचे कर्ज, २० वर्षे बाकी आणि दर रेपो अधिक अडीच टक्के असे धरू. रेपो साडेसहा असताना दर ९ टक्के आणि हप्ता ४४,९८६ रुपये होता. आता दर पावणेआठ. हप्ता कमी करून घेतला तर ४१,०४७ रुपये भरावे लागतील, महिन्याला सुमारे ३,९०० वाचतील. हप्ता जुनाच ठेवला तर कर्ज २४० ऐवजी १९७ महिन्यांत फिटेल. एकूण व्याजात या दोन पर्यायांमधला फरक दहा लाखांच्या आसपास आहे. घरखर्चाची ओढाताण नसेल तर हप्ता कमी करण्याचा अर्ज देऊ नये, असे माझे मत.

२०२२-२३ मध्ये याच्या उलट घडले होते. रेपो ४ वरून ६.५० वर गेला आणि बँका हप्ता न वाढवता मुदत लांबवत राहिल्या. ७ टक्क्यांनी घेतलेल्या ५० लाखांचा हप्ता ३८,७६५ रुपये. दर साडेनऊ झाला तेव्हा मुद्दल ४९ लाख बाकी असेल, तर एका महिन्याचे व्याजच ३८,७९२ होते. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही कर्ज २७ रुपयांनी वाढणार! ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने यावर बोट ठेवले. मुदत लांबवताना मुद्दल वाढता कामा नये आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे-थोडे, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा. दर तिमाहीला विवरणपत्रही द्यायचे. त्यात ‘उरलेले हप्ते’ हा आकडा असतो. तिमाहीत तीन हप्ते भरल्यावर तो आकडा तीननेच घटायला हवा. तीनहून कमी किंवा जास्त घटला असेल तर बहुधा दर बदलला आहे, हे खूणगाठीसारखे लक्षात ठेवावे.

काहींचा दर मात्र खरोखरच उतरत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. गृहवित्त कंपन्या आणि नागरी सहकारी बँका यांना हा नियम लागू नाही. त्यांचा मूळ दर त्या स्वतः ठरवतात. बँकांच्या ऑक्टोबर २०१९ आधीच्या जुन्या कर्जांपैकी बरीच अजून एमसीएलआरवर, क्वचित बेस रेटवरही (दोन्ही बँकेने स्वतः ठरवलेले जुन्या पद्धतीचे दर) पडून आहेत. बँकेच्या शाखेत अर्ज देऊन ती रेपोवर आणता येतात, लागतो तो किरकोळ प्रशासकीय खर्च. गृहवित्त कंपनीत ‘कन्व्हर्जन फी’ भरून दर खाली आणता येतो. ती फी किती आणि महिन्याला वाचणार किती, एवढा भागाकार केला की उत्तर मिळते.

नवे घर घेणाऱ्याने मंजुरीपत्रात रेपोपेक्षा स्प्रेड (रेपोवर बँक जोडते तो जादा टक्का) आधी वाचावा. रेपो सगळ्यांना सारखाच, घासाघीस होते ती स्प्रेडवर. जाहिरातीतला दर उत्तम सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरचे गुण) असलेल्यालाच मिळतो. शिवाय ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्केच मिळतात आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी त्या किमतीत धरली जात नाही. फ्लॅट ६० लाखांचा असला तरी खिशातून १२ लाखांवर भागत नाही.

बॅलन्स ट्रान्सफरचा, म्हणजे उरलेले कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याचा मोह होतोच. बदलत्या दराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, हे खरे. पण महाराष्ट्रात नव्या बँकेकडे कागद ठेवताना कर्जाच्या ०.३ टक्के मुद्रांक शुल्क पुन्हा लागते, ५० लाखांवर १५,००० रुपये. प्रक्रिया शुल्क, वकील आणि मूल्यांकन वेगळे. त्यात नवी बँक मुदत पुन्हा २० वर्षे मांडते. बारा वर्षे उरलेली असतील तर बाराच लिहून घ्यावीत, नाहीतर अर्धा टक्का वाचवून आठ वर्षे जास्त व्याज भरले जाते.

आपल्या वृत्तपत्राने पुढच्या पतधोरणाच्या बातमीत हप्त्याच्या कोष्टकाशेजारी ‘हप्ता तोच ठेवल्यास किती महिने कमी’ हा एक रकाना द्यावा, ही विनंती.

— एक वाचक, डोंबिवली