येत्या रविवारी उद्यमनगरात: पालक-मुलांनी मिळून जुनी येझदी मोटरसायकल उघडायची

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी ८ ते १२, उद्यमनगरातल्या आपल्या नेहमीच्या शेडमध्ये जमायचं आहे. एक पालक, एक मूल. मुलगी असो वा मुलगा, पाना त्यांच्या हातात द्यायचा. आपण फक्त उजेडाची बॅटरी (टॉर्च) धरायची.

यावेळी माझ्या वडिलांची येझदी रोडकिंग उघडणार आहोत. वर्षभर मी आणि माझी लेक तिच्यावर काम करतोय. गेल्या आठवड्यात लेकीने पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे छोटे संपर्क) पॉलिश पेपरने घासले आणि काळ्या पडलेल्या स्पार्क प्लगवर निळी ठिणगी उडाली. तिचा चेहरा बघण्यासारखा होता! गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते, हे मुलांना हाताने करून बघू द्या.

सोबत जुने सुती कपडे, बंद बूट, चिंध्या आणि झाकणाचे डबे आणा. काढलेला प्रत्येक नट डब्यात, डब्यावर चिठ्ठी. हे टाळू नका, नंतर फार शोधाशोध होते.

टाकीतलं पेट्रोल मी आदल्या दिवशी काढून ठेवीन. ग्राइंडर मुलांनी चालवायचा नाही. केस बांधलेले हवेत. शेडमध्ये विडी-सिगारेट अजिबात नको.

ज्यांच्या गाडीच्या नोंदणीला १५ वर्षं होऊन गेलीत त्यांनी आरसी बुक आणावं, नूतनीकरणाचं बोलून घेऊ.

जागा थोडी आहे, दहाच जोड्या. शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर मुलाचं नाव आणि वय कळवा.