चि. ओंकारला, निर्वासितांच्या कायद्याबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

वादविवाद स्पर्धेसाठी लिहिलेलं तुझं भाषण वाचलं. ‘भारतानं निर्वासितांना नेहमीच आसरा दिला, मग वेगळा कायदा हवाच कशाला?’ हा तुझा मुख्य मुद्दा. त्यातलं पहिलं अर्धं मला मान्य आहे, आणि त्याचा अभिमानही आहे. दुसरं अर्धं पटत नाही. फोनवर सगळं धड बोलून होत नाही, म्हणून लिहितेय.

कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्याचंच घे. रशियानं सायबेरियात हाकलून दिलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायका नि मुलं, १९४३ ते १९४८ तिथल्या बराकींत राहिले. शाळा, चर्च, दवाखाना सगळं होतं. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं आली. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जातो ते गांधीनगर त्यांनी उभं केलं. आणि १९७१! पूर्व पाकिस्तानातून कोटीभर माणसं आली, तेव्हा प्रत्येक पत्रावर निर्वासितांच्या मदतीसाठी ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. आजोबांच्या ट्रंकेतल्या पाकिटांवर अजून आहेत ती, दिवाळीत आलास की बघ.

पण हे सगळं त्या त्या वेळच्या सरकारच्या मनावर चाललं. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आपण सही केलेली नाही आणि स्वतःचा कायदाही केलेला नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. ‘निर्वासित’ कोण हे दोन्हींत ठरवलेलं नाही. जीव वाचवायला पळालेली बाई आणि चोरून घुसलेला तस्कर, कागद नसले की दोघं सारखेच. मग सवलत द्यायची ती सरकारी आदेशानं, एकेका गटाला वेगळी.

त्यामुळे होतं काय, ते बघ. थंडीत स्वेटरचा स्टॉल लावणाऱ्या तिबेटी मावशी आठवतात ना? त्यांचा मुलगा इथेच जन्मला, गोंदियाकडच्या त्यांच्या वसाहतीत वाढला, मराठीत घासाघीस करतो. तरी त्याला आरसीचं, म्हणजे परकीय म्हणून केलेल्या नोंदणीच्या दाखल्याचं, नूतनीकरण करत राहावं लागतं आणि परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळी वही, म्हणजे ओळखपत्राची पुस्तिका. आणि हे त्यातल्या त्यात बरी वागणूक मिळालेले लोक! श्रीलंकेतले तमिळ १९८३ पासून येताहेत. तमिळनाडूच्या छावण्यांत जन्मलेली मुलं आता स्वतः आईबाप झाली, पण नागरिकत्व नाही. रोहिंग्यांकडे संयुक्त राष्ट्रांचं कार्ड असतं, आपलं सरकार ते मानत नाही.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीनं हे सुटलं, असं तू लिहिलंयस. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना त्यातून वाट मिळाली, ते चांगलंच झालं. पण पाकिस्तानातला अहमदिया पंथाचा माणूस किंवा अफगाणिस्तानातला हजारा जमातीचा शिया मुसलमान त्या सहांत बसत नाही; तो कमी छळला गेला का? श्रीलंकेतले तमिळ तर बहुतांशी हिंदूच, तेही त्यात नाहीत. छळ झाला का, हे विचारायच्या आधीच देश नि धर्म विचारायचा, याला मी न्याय म्हणणार नाही.

‘कायदा केला तर लोंढे येतील’ हे तुझं म्हणणं मी झटकून टाकत नाही. सीमेवरच्या राज्यांवर भार पडतो, तिथल्या लोकांची धास्ती खोटी नसते. पण कायदा म्हणजे सरसकट दार उघडणं नव्हे. अर्ज घ्यायचा, चौकशी करायची, ठरावीक मुदतीत निकाल द्यायचा, अपिलाची सोय ठेवायची आणि ज्याचा दावा खोटा ठरेल त्याला परत पाठवायचं. आज यातलं काहीच कायद्यात नाही, म्हणून खराही लटकतो आणि खोटाही निसटतो.

स्पर्धेआधी एक निकाल जरूर वाच: १९९६ चा, पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचलात राहिलेल्या चकमा लोकांचा. स्थानिक संघटना त्यांना हुसकावायला निघाल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, फक्त नागरिकांसाठी नाही, त्यांच्या जिवाचं रक्षण राज्यानं केलंच पाहिजे. तरी नागरिकत्वासाठी त्यांना पुन्हा त्याच न्यायालयात जावं लागलं, त्याचा निकाल २०१५ मध्ये आला. ही माणसं १९६४ पासून इथे आहेत. तुझा मुद्दा त्यांच्यासमोर कसा मांडशील, ते मला रविवारी सांग.

तुझी,
आई