‘ओ’ गटात दडलेला बॉम्बे रक्तगट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘बॉम्बे’ नावाच्या अतिशय दुर्मीळ रक्तगटाच्या रुग्णासाठी नातेवाइकांनी केलेल्या धावपळीची बातमी आपल्या अंकात वाचली. दाता परजिल्ह्यातून आला, पिशवी वेळेत मिळाली, शस्त्रक्रिया पार पडली, हे वाचून फार बरे वाटले. मात्र अशी माणसे जवळजवळ नसतातच, असा बातमीचा सूर होता. कोकणातल्या रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केल्यामुळे त्याबद्दल लिहिणे मला गरजेचे वाटते. ही माणसे आहेत, आपल्या आजूबाजूलाच आहेत. त्यांच्या ओळखपत्रावर ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेले असते आणि त्यांना स्वतःलाही वेगळे काही ठाऊक नसते.

असे का होते, ते सांगते. शाळा-कॉलेजांत किंवा गणेशोत्सव मंडळांत रक्तगट तपासणी शिबिर भरते. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतात. एकात निळे अँटी-ए, दुसऱ्यात पिवळे अँटी-बी, तिसऱ्यात (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कळायला) बिनरंगी अँटी-डी ही तपासणीची द्रावणे घालून काडीने ढवळतात आणि पट्टी हलवतात. ज्या थेंबात दाणे धरतात त्यावरून गट ठरतो. ए आणि बी हे दोन्ही थेंब गुळगुळीत राहिले की ‘ओ’ लिहिले जाते. बॉम्बे गटाचे थेंबही हुबेहूब तसेच गुळगुळीत राहतात, म्हणून पट्टीवर हा गट सापडतच नाही.

तो सापडतो उलट बाजूने तपासल्यावर, म्हणजे सीरम ग्रुपिंगमध्ये. माणसाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळे होणारे पिवळसर पाणी, नळीत घ्यायचे, त्यात ओ गटाच्या तांबड्या पेशी घालायच्या आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. पेशी तळाशी बसतात, त्याला आम्ही बटन म्हणतो. नळी हलकेच हलवली की ओ गटवाल्याचे बटन सुटून सगळीकडे एकसारखा लाल रंग पसरतो. बॉम्बे गट असेल तर बटन सुटतच नाही. अख्खी गुठळी तशीच सरकते आणि वरचे पाणी स्वच्छ राहते. ज्याने एकदा पाहिले तो हे विसरणार नाही.

यामागचे कारण फार अवघड नाही. ए आणि बी हे प्रतिजन, म्हणजे तांबड्या पेशींवरच्या गट ठरवणाऱ्या खुणा, एच नावाच्या पदार्थावर तयार होतात. ओ गटाच्या पेशींवर नुसता एच असतो. बॉम्बे गटात एचच तयार होत नाही, आणि वर रक्तात एचविरुद्धची प्रतिपिंडे असतात, ती एच असलेल्या पेशींवर हल्ला करतात. त्यामुळे ‘ओ निगेटिव्ह कोणालाही चालते’ हे पाठ असलेले वाक्य या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. नशिबाने क्रॉस मॅच करताना, म्हणजे पिशवीतले रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहताना, हे उघड होते. पेढीतली ओची एकेक पिशवी लावून पाहावी आणि एकही जुळू नये, असे झाले की तंत्रज्ञाच्या पोटात गोळा येतो. पण तोवर रुग्ण टेबलावर असतो आणि नातेवाईक दारात उभे असतात.

या गटाचा शोध आपल्या मुंबईतच लागला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याची पहिली नोंद प्रसिद्ध केली. सहकाऱ्यांत देशपांडे आणि भाटिया होते, इंग्लंडमधले संशोधकही होते. युरोपात हा गट दहा लाखांत एखाद्याला सापडतो. भारतात हे प्रमाण साधारण दहा हजारांत एक असे धरतात, आणि मुंबईतल्या एका जुन्या पाहणीत ते ७,६०० जणांमागे एक निघाले होते. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर होती. दहा हजारांत एक हा दर राज्यभर लावला, तर बॉम्बे गटाची अकरा हजारांच्या आसपास माणसे महाराष्ट्रात असायला हवीत. हा अंदाज निम्म्याने चुकला असे धरले तरी आकडा काही हजारांचाच राहतो. मग रुग्णासाठी फोन करायची वेळ येते तेव्हा तीच ती ठरावीक नावे का पुढे येतात? बाकीचे सगळे ‘ओ’ म्हणून घरी बसलेले आहेत, म्हणून.

मुळात कोणता गट दुर्मीळ, हे गावावर अवलंबून असते. आपल्याकडे बी गट ओच्या बरोबरीने आढळतो, दोन्ही मिळून जवळपास दोन तृतीयांश लोकसंख्या होते. युरोपात मात्र बी दहा टक्क्यांच्या आसपासच आहे. निगेटिव्ह गट तिकडे सुमारे पंधरा टक्के, आपल्याकडे पाचच्या जवळ आणि चीनमध्ये एक टक्क्याहूनही कमी. आपल्या रोजच्या आठ गटांत एबी निगेटिव्ह सगळ्यांत विरळा. तरीही मे महिन्यात पेढीत खडखडाट होतो तो ओ पॉझिटिव्ह आणि बी पॉझिटिव्हचा. जे गट सर्वांत जास्त लोकांचे, त्यांचेच रुग्णही सर्वांत जास्त. त्यात कॉलेजे बंद, माणसे गावाला गेलेली आणि तांबड्या पेशींची पिशवी टिकते ३५, फार तर ४२ दिवस. म्हणून ‘माझा गट साधा आहे, माझी काय गरज’ असे कृपा करून कोणी म्हणू नये.

बॉम्बे गटाची आणखी एक बाजू आहे. तिच्यामुळे घरे मोडू शकतात, म्हणून लिहिते. या माणसाकडे ए किंवा बीचे जनुक असू शकते, फक्त एच नसल्याने ते दिसत नाही. जोडीदार खऱ्या ओ गटाचा असला, तर त्याच्याकडून एच मिळून मुलात ते प्रकट होते. कागदावर आई-बाप दोघेही ओ आणि मूल बी! रिपोर्ट हातात धरून बायकोकडे संशयाने पाहणाऱ्या नवऱ्याला आणि सासूला मी बसवून समजावले आहे. ‘आधी नवरा-बायको दोघांचेही सीरम ग्रुपिंग करून घ्या, मग बोला,’ असे मी सांगत असे. प्रत्येक डॉक्टरने आणि लॅबवाल्यानेही हे सांगायला हवे.

आता मागणी. रक्तदान केलेल्या पिशवीची रक्तपेढीत दोन्ही बाजूंनी तपासणी होते. नुसती गट तपासणी शिबिरे भरतात तिथे ती होत नाही. तिथे ज्यांचा गट ओ येईल, त्यांची अँटी-एच लावून किंवा ओ पेशींवर खात्री करण्याची सोय आरोग्य विभागाने करावी. हे होत नाही तोवर शिबिराच्या कार्डावर ‘प्राथमिक तपासणी’ असे स्पष्ट छापावे. शंकास्पद नमुना पाठवायला जागाही आहे. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तिथे दुर्मीळ रक्तगटांचेही काम चालते.

जो सापडेल त्याच्या संमतीने त्याची नोंद व्हावी, पण त्याचा फोन नंबर व्हॉट्सअॅपवर फिरू नये. दाते याच त्रासाने फोन उचलेनासे होतात. रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो आणि तारीख नसलेला मेसेज मात्र महिनोन्‌महिने फिरत राहतो. या दात्यांना साध्या शिबिरात बोलावून त्यांचे रक्त खर्चीही घालू नये. पुरुषाला तीन आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही, आणि खरी गरज नेमकी त्याच काळात उभी राहू शकते.

सर्वांत सोपे काम मात्र घरातच आहे. हा गट आई आणि वडील दोघांकडूनही एच न बनवणारे जनुक आल्याशिवाय होत नाही. म्हणून एकाला निघाला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडालाही तो असण्याची शक्यता चारात एक, म्हणजे बाहेरच्या दहा हजारांत एकाच्या कितीतरी पट जास्त. मामाच्या किंवा आतेच्या घरी लग्ने होत आलेल्या कुटुंबांत चुलत-मामे भावंडांनाही तपासावे. आपल्या बातमीतल्या रुग्णाची भावंडे तपासली गेली का, हे आपल्या वार्ताहराने जरूर विचारावे. तपासली नसतील तर या आठवड्यातच जवळच्या रक्तपेढीत जाऊन ‘ओ सेल लावून बघा’ एवढे सांगायला त्यांना कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ,
जि. रत्नागिरी