पुतळा हलवायचा तर क्रेन सर्वात शेवटी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, सेनानींच्या पुतळ्यांवर वाचकांची पत्रे येतात तेव्हा त्यांत दोनच सूर असतात : ‘पाडून टाका’ नाहीतर ‘इतिहास पुसू नका’. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहराने यापैकी काहीच केले नाही. पुतळे उचलून दुसरीकडे नेले. ते कसे जमले, हे लिहिण्यासाठी हे पत्र.

लेक्सिंग्टनच्या जुन्या कोर्टाला लागून चीपसाइड नावाची जागा आहे. यादवी युद्धापूर्वी इथे गुलामांचा लिलाव होई. त्याच कोर्टाच्या आवारात जॉन ब्रेकिनरिज (१८८७) आणि जॉन हंट मॉर्गन (१९११) या दोन कॉन्फेडरेट सेनानींचे पुतळे उभे राहिले. युद्ध संपले १८६५ मध्ये; मॉर्गनचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला त्यानंतर ४६ वर्षांनी, रेल्वेचे डबे आणि शाळा रंगावरून वेगळ्या करणारे कायदे जोरात होते तेव्हा. पुतळा कोर्टाच्या दारातच का, हे त्या काळच्या कृष्णवर्णीय माणसाला कोणी समजावून सांगावे लागले नसेल. आणि इतिहासाच्या अचूकतेचेच म्हणाल, तर मॉर्गनची ‘ब्लॅक बेस’ ही घोडी होती. शिल्पकार पॉम्पेओ कोपिनीने तिचा सर्व अवयवांसकट घोडा करून टाकला, कारण वीराला घोडी शोभत नाही!

मागणी लावून धरली ती ‘टेक बॅक चीपसाइड’ या नागरिकांच्या गटाने. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर परिषदेने एकमताने ठराव केला, पण पुतळे हलले १७ ऑक्टोबरला. मधले दोन महिने वाया गेले नाहीत. ब्रेकिनरिज आणि मॉर्गन दोघेही लेक्सिंग्टन सिमेट्रीत पुरलेले आहेत, म्हणून पुतळेही तिथेच न्यायचे ठरले. त्यासाठी दफनभूमीच्या विश्वस्तांची संमती हवी होती, देखभाल आणि सुरक्षेचा खर्च कोण करणार हे ठरायचे होते, आणि शहराला तसा अधिकार आहे असे राज्याच्या महाधिवक्त्यांचे मत हवे होते. ते मत आले त्याच दिवशी क्रेन लागली. २०१८ मध्ये पुतळे दफनभूमीत बसले.

हे सगळीकडे इतके सरळ होत नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या २०१५ च्या कायद्याने असे स्मारक संग्रहालयात किंवा दफनभूमीत नेण्यालाच बंदी केली. ते मुळात तिथले असेल तरच अपवाद. कायदेशीर दार बंद झाल्यावर ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच राज्यातल्या डरहॅमला जमावाने दोर टाकला आणि कॉन्फेडरेट शिपायाचा आतून पोकळ पुतळा जमिनीवर पडून चुरगळला. व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथला जून २०२० मध्ये असाच ओढलेला पुतळा एका माणसाच्या डोक्यावर पडून तो गंभीर जखमी झाला. व्हर्जिनियाने त्याच वर्षी कायदा बदलला : जाहीर नोटीस देऊन ३० दिवस थांबायचे, मग सुनावणी आणि मतदान, आणि त्यानंतर आणखी ३० दिवस संग्रहालये, इतिहास मंडळे, युद्धभूमी यांना ‘हवा का’ म्हणून विचारायचे.

दोर का नको, याचे कारण पुतळ्याच्या पायात आहे. पायातून निघालेले दांडे चौथऱ्याच्या दगडात शिसे किंवा सिमेंट ओतून पक्के केलेले असतात. ते आधी कापले नाहीत तर क्रेनवर पुतळ्याच्या वजनाहून जास्त भार येतो आणि सांधा अचानक सुटला की हिसका बसतो. आतला लोखंडी सांगाडा शंभर वर्षांत गंजलेला असतो, म्हणून पट्टा मानेला किंवा हाताला कधीच लावत नाहीत. घोडेस्वार असेल तर घोड्याच्या पोटाखालून. चौथऱ्याच्या प्रत्येक दगडावर आधी नंबर टाकावा, नाहीतर नव्या जागी जुळवताना रडायची वेळ येते. रस्ताही मोजावा : व्हर्जिनियातल्या रिचमंडचा कॉन्फेडरेट सेनापती रॉबर्ट लीचा पुतळा २१ फूट उंच आणि सुमारे १२ टन, रस्त्यावरच्या पुलांखालून जाईना, म्हणून २०२१ मध्ये त्याला कमरेत कापून न्यावे लागले. त्याच शहरात जनरल ए. पी. हिल पुतळ्याखालीच पुरलेला होता. वंशजांशी कोर्टकचेरी झाली आणि पुतळा हलायला डिसेंबर २०२२ उजाडला.

नवी जागाही जपून सजवावी. मिसिसिपी विद्यापीठाने २०२० मध्ये आपला कॉन्फेडरेट शिपायाचा पुतळा आवारातल्या सैनिकांच्या दफनभूमीत हलवला, पण तिथल्या सुशोभीकरणाचा आराखडा पाहून ‘हे तर नवे देऊळच’ अशी ओरड झाली.

इतिहास पुसला जाईल म्हणणाऱ्यांनी मुंबईचा काळा घोडा आठवावा. प्रिन्स ऑफ वेल्सचा (पुढचा सातवा एडवर्ड) हा पुतळा १९६५ मध्ये फोर्टातून भायखळ्याच्या राणीबागेत गेला. तिथे तो आजही पाहता येतो आणि फोर्टातल्या त्या जागेला लोक अजून काळा घोडाच म्हणतात.

रिकाम्या जागेचे काय, हा प्रश्न लेक्सिंग्टनने २०२० मध्ये सोडवला. चीपसाइड पार्कला हेन्री टँडीचे नाव दिले. टँडी गुलामगिरीत जन्मला आणि पुढे बांधकामाचा कंत्राटदार झाला. शेजारच्या जुन्या कोर्टाचे गवंडीकाम त्याच्याच कंपनीचे.

आपले,
काही मराठी वाचक, लेक्सिंग्टन (केंटकी)